विमा केवढ्याचा घ्यायचा?

सासूबाईंना सत्तरी ओलांडलेल्या माणसांचं सरकारी आरोग्य कार्ड मिळालं, त्या दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीला चहा पाजला. खरं तर पेढे वाटायचे त्यांच्या मनात होतं. पण आमच्या ह्यांना साखरेचा आजार आहे आणि घरात पेढे आले की गल्लीत पोचेपर्यंत निम्मे होतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून चहा.

"आता मला खुशाल कायबी होऊ द्या," त्या शेजारणींना सांगत होत्या. "पाच लाखापस्तोर सरकार बघून घेणार हाय. ह्यांचं काय ते इचारा. ह्या दोघांचं काहीच न्हाई."

शेजारणींनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जसं माझं लग्नच व्हायचं राहिलंय.

आम्ही परभणीत राहतो. यांचं अ‍ॅम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि हात ढोलकीवर. मी गाते. बुद्धविहारातले कार्यक्रम, जयंतीचे दिवस, बारसं, गृहप्रवेश, कुणाच्या सेवानिवृत्तीचा समारंभ, जिथं बोलावतील तिथं जातो. लेक पुण्यात नोकरीला, तिला कंपनीचा विमा. आम्हा दोघांना ना कंपनी ना पगार. सरकारी योजनेत आमचंही नाव होतं, नाही असं नाही. पण ठरलेले दवाखाने आणि ठरलेले आजार. आणि अडचण आली तर ती ठरलेल्या दवाखान्यासमोरच येईल असं थोडंच आहे?

हे मी उगीच म्हणत नाही. आमच्या गायन पार्टीतले पेटी मास्तर एका कार्यक्रमाहून परतताना टेंपोतून उतरले, पाय घसरला आणि उजव्या हातावर पडले. हाड दोन जागी मोडलं. जवळ जो दवाखाना होता तिथं नेलं, सळई टाकली. तो योजनेतला नव्हता, सगळं बिल अंगावर आलं. नंतर आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी एक कार्यक्रम ठेवला. लोकांनी भरभरून दिलं. माझा आवाजही त्या दिवशी असा लागला की वरचा सूर मी न मागता येत होता. मास्तर हात गळ्यात बांधून पहिल्या रांगेत बसले होते आणि पूर्ण वेळ स्वतःच्या चपलांकडं बघत होते. शेवटी मला म्हणाले, "बाई, लय सुंदर गायलात. पण पुन्हा माझ्यासाठी गाऊ नका."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मला लोकांसाठी गायला आवडतं. कुणी माझ्यासाठी असं गावं, हे मात्र मला नको होतं. त्यात सासूबाईंचा चहा झाला, आणि मी ठरवलं, आपला स्वतःचा विमा काढायचा.

विमा विकणारी बाई आमची श्रोता निघाली. स्कूटी अंगणात लावून आत आली, पायातली चप्पल काढता काढता म्हणाली, "जयभीम ताई! तुमचं गाणं ऐकून मी आमच्या वस्तीत रडले होते." सासूबाई लगेच म्हणाल्या, "मग हप्ता कमी करशील का?" ती हसली, पण हप्ता कमी करणं तिच्या हातात नव्हतं.

तिनं मोबाइलवर एकेक दाखवायला सुरुवात केली. तीन लाखांचा, पाच लाखांचा, दहा लाखांचा. म्हणजे वर्षभरात दवाखान्याचं बिल तेवढ्यापर्यंत झालं तर कंपनी भरणार. आकडा मोठा, तसा हप्ता मोठा. दोघांचा मिळून एकच काढता येतो, आणि वेगवेगळाही.

"एकत्र काढला तर हप्ता मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो," ती म्हणाली. "आन पाच लाख दोघांत मिळून. एकाच्या आजारात संपले तर दुसऱ्याला त्या साली काही न्हाई. येगळायेगळा काढला तर ज्याचं त्याला."

"येगळाच बरा," सासूबाई म्हणाल्या. "ह्याला एका ताटात वाटून खाता येत न्हाई."

हे कुठं ऐकतात! यांचं लक्ष सगळ्यात स्वस्त पॉलिसीवर गेलं होतं. "ही तीन लाखाची बरी हाय की. आपल्याला कुठं काय झालंय?"

तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन. तिला मीच सांगून ठेवलं होतं. ती तिकडून, "मम्मी, दहाच्या खाली घेऊ नकोस. दवाखाने किती महाग झालेत तुला माहीत नाही."

"पुण्यातले झाले असतील," हे म्हणाले. "परभणीत काय?"

"परभणीत नाही भागलं तर पप्पा तुम्ही कुठं जाणार? नांदेडला, नाहीतर इकडंच ना?"

झालं. एक तीनवर, एक दहावर, आणि मी मधे. विमावालीनं शांतपणे चहा संपवला आणि म्हणाली, "ताई, तीन चांगला का दहा चांगला, असं नसतंय. तुमी कुठं भरती होणार, तिथं काय लागतं, आन दरसाल न चुकता किती भरू शकणार, ह्यावर हाय. यंदा हौसेनं मोठा घेतला आन पुढच्या साली सोडून दिला, तर काय उपयोग?"

मग मला एक गोष्ट सुचली. कार्यक्रमाच्या आधी स्टेज बघून यायची आम्हाला सवय आहे. मंडप कुठं, वीज कुठून, माईक किती, हे बघितल्याशिवाय हे सुपारीच घेत नाहीत. मग दवाखाना का न बघता ठरवायचा? मी म्हटलं, "उद्या जाऊ. दवाखाने बघून येऊ."

"आजारी नसताना?" हे म्हणाले.

"आजारी असल्यावर कोण बघत बसतं?"

सासूबाईंनी ताबडतोब नवी साडी काढली.

परभणीतल्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात आम्ही तिघं शिरलो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या डुलत डुलत चालतात. आम्ही काउंटरवर पोचायच्या आत एका वॉर्डबॉयनं चाकांची खुर्ची आणली आणि त्यांना अलगद बसवलंही. त्यांनी नाही म्हटलं नाही. उलट पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चला."

काउंटरवरच्या मुलीनं पेन उचललं. "पेशंटचं नाव?"

"पेशंट न्हाई," मी म्हटलं.

तिनं खुर्चीकडं पाहिलं.

"त्या पेशंट न्हाईत. आमी तिघंबी बरे आहोत. आमी भाव बघायला आलोत."

"कशाचा भाव?"

"खोलीचा. विमा काढायचाय, तर किती लागतं ते बघायलो."

मुलीनं पेन खाली ठेवलं. मग इतकी हसली की बाजूच्या केबिनमधून आणखी दोघी बाहेर आल्या. म्हणाली, "मावशी, मी इथं लागल्यापासून बिल बघून रडणारे पाहिले. आधी भाव इचारणारे पहिल्यांदाच बघायले." पण हसून झाल्यावर तिनं जीव लावून सगळं सांगितलं. जनरल वॉर्ड केवढ्याला, दोन खाटांची खोली केवढ्याला, एकट्याची केवढ्याला, आणि अतिदक्षता विभागाचा एक दिवस केवढ्याला पडतो. अपेंडिक्सचं साधारण किती होतं, हृदयाचं इथं होत नाही, त्याला नांदेडला पाठवतात.

तोवर सासूबाई खुर्चीतून खोल्या बघून आल्या होत्या. वॉर्डबॉय त्यांना फिरवत होता आणि त्या एखादं घर भाड्यानं घ्यायचं असल्यासारखं विचारत होत्या, "ऊन कुणीकडून येतं? संडास आतच हाय का? पाणी बारमाही हाय का टँकर येतो?" एका खोलीतल्या खऱ्या पेशंटच्या बायकोशी त्यांची ओळखही निघाली. चुडाव्याची होती, सासूबाईंच्या गावची. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात केळी होती. बघायला येणाऱ्यानं पेशंटला केळी द्यावीत, तर पेशंटनंच यांना दिली होती.

दुसऱ्या दिवशी आगगाडीनं नांदेडला गेलो आणि तिथंही हेच केलं. तिथले भाव यांनी कागदावर लिहून घेतले. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तीन लाखात तिथं आठवडाभर अतिदक्षता आन एक मोठं ऑपरेशन बसत न्हाई गं."

"आन दहाचा हप्ता?" मी विचारलं.

"तो आपल्याला यंदा भरता येईल. पण पाऊसपाणी नसलेल्या साली लोक कार्यक्रम ठेवत न्हाईत. त्या साली काय करणार?"

म्हणून पाच. ठरलं ते गाडीतच. लेकीला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं, पण जागा भाड्याची अट बघा." तिला खोलीभाडं म्हणायचं होतं. घाईत असली की ती असंच बोलते.

खोलीभाड्याची अट हे प्रकरण विमावालीनं नंतर समजावलं. पाच लाखांच्याच दोन पॉलिसी होत्या. एक बरीच स्वस्त. पण तिच्यात खोलीचं रोजचं भाडं एका मर्यादेपर्यंतच मिळणार, आणि प्रत्येक बिलातला पाचवा हिस्सा आपण भरायचा. दुसरी थोडी महाग, पण तिच्यात या दोन्ही अटी नव्हत्या.

"खोली मर्यादेच्या वर घेतली तर वरचं भाडंच आपल्या अंगावर येतं, असं लोकांना वाटतं," ती म्हणाली. "तसं न्हाई. त्या हिशोबानं डॉक्टरची फी, ऑपरेशनचा खर्च, सगळंच कापून मिळतं."

"म्हणजे खोली चढ घेतली की डाक्टर बी चढ पडतो," सासूबाई म्हणाल्या.

"हां मावशी, तसंच."

"मग स्वस्तातली नको. आजारी माणसाला कुठली खोली रिकामी मिळंल, ते आधी कुणाला ठावं?"

थोडी महागच घेतली, दोघांना वेगवेगळी. सही करायच्या आधी विमावालीनं एक गोष्ट तीनदा बजावली, की कुठलाही आजार लपवू नका. कंपनीच्या डॉक्टरचा फोन येईल, खरं ते सांगा. यांनी मान डोलावली.

फोन आला तेव्हा हे अंगणात बाजेवर बसले होते. सासूबाई लसूण सोलत होत्या. मी आतून ऐकत होते. स्पीकरवरून डॉक्टर एकेक आजाराचं नाव घेत होता आणि हे ठसक्यात उत्तर देत होते. "न्हाई. न्हाई. तसलं काही न्हाई. तब्येत एकदम ठणठणीत."

"शुगर?"

यांनी आईकडं पाठ फिरवली. "न्हाई."

"आरं, लबाड!" सासूबाई लसूण खाली टाकून ओरडल्या. "साखर हाय म्हण की! रोज गोळी खातोस ती काय चॉकलेट हाय का?"

मग डॉक्टर म्हणाला, "मागं कोण बोलतंय?"

"माय हाय माजी."

"आईंना द्या जरा फोन."

सासूबाईंनी हात पदराला पुसून फोन घेतला आणि यांच्या जन्मापासून सुरुवात केली. गोवर कधी आला, चिंचेच्या झाडावरून पडून दात कसा तुटला, साखर कुठल्या साली निघाली, कुठल्या लग्नात किती जिलब्या खाल्ल्या. डॉक्टर मधेमधे हसत होता, आम्हाला ऐकू येत होतं. फोन ठेवताना त्यांनी त्यालाही विचारलं, "तुजी तब्येत बरी हाय ना लेकरा?"

परिणाम असा झाला की यांचा हप्ता वाढला आणि साखरेमुळं होणाऱ्या आजारांना काही वर्षं थांबावं लागेल असं कळलं. हे दोन दिवस आईशी बोलले नाहीत. विमावालीनं फोन करून सांगितलं, "दादा, लपवलं असतं आन उद्या कळलं असतं, तर हप्ते भरून एक रुपयाबी मिळाला नसता." तिसऱ्या दिवशी हे पहाटे उठून कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं चालायला जायला लागले.

माझ्या पॉलिसीत मात्र एक कलम होतं ज्यानं घरात दोन वर्षं धमाल उडवली. काही ठराविक ऑपरेशनं पहिली दोन वर्षं विम्यात बसत नाहीत. त्यात मोतीबिंदू, हर्निया, असं बरंच काही, आणि त्यात नाक-कान-घसा.

"घसा?" मी म्हटलं. "माझं पोट घशावर चालतं की!"

"दोन वर्षं सांभाळा ताई," विमावाली म्हणाली. "मग घसाबी आत येतो."

झालं, यांना कामच मिळालं. बर्फाचा गोळा बंद. कुल्फी बंद. दह्याकडं बघायचं नाही. थंडीत मफलर, उन्हाळ्यातही मफलर. एका लग्नात जेवणानंतर आईस्क्रीमची वाटी माझ्या हातात आली, तर हे पंगतीतून धावत आले आणि यजमानांना म्हणाले, "त्यांना नका देऊ. त्यांचा घसा अजून विम्यात बसलेला न्हाई." यजमान बिचारे विचारात पडले की ही कुठली नवी बिमारी. पुढं तर आयोजकच माझी ओळख करून देताना माईकवरून म्हणायचे, "आणि आता ज्यांचा घसा लवकरच विम्यात येणार आहे, अशा आपल्या लाडक्या गायिका..." लोक टाळ्या वाजवायचे. मी लाजून लाल व्हायचे, पण खोटं कशाला सांगू, मजा वाटायची.

दोन वर्षं पुरी झाली त्या संध्याकाळी आम्ही तिघं स्टेशन रोडला गेलो आणि कुल्फी खाल्ली. यांनीही खाल्ली, अर्धी. सासूबाईंनी दोन.

त्यानंतर आणखी वर्षभर काहीच झालं नाही. मग एका एप्रिलमध्ये, जेव्हा रोज एक कार्यक्रम असतो आणि एखाद्या दिवशी दोन, माझा आवाज बसला. आधी वाटलं, दमलाय. गरम पाणी, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, सगळं केलं. महिना संपला, कार्यक्रम संपले, तरी आवाज परत येईना. बोलायला लागलं की जुन्या रेडिओसारखी खरखर. वरच्या पट्टीत गेले की सूर मधेच गायब, पायरी नसलेल्या जागी पाय पडावा तसं व्हायचं. घाबरले मी. कुणाला दाखवलं नाही, पण आंघोळीला गेले की नळ मोठा सोडून एकेक सूर लावून बघायचे.

नांदेडच्या घशाच्या डॉक्टरबाईंनी नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि पडद्यावर दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या हलत होत्या. एकीच्या काठावर ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा.

"हे तुमचं गाणं," डॉक्टरबाई त्या पट्ट्यांकडं बोट करून म्हणाल्या. "आणि हा पॉलिप. काढावा लागेल. साधी गाठ दिसतेय, काळजीचं वाटत नाही. तरी काढून तपासायला पाठवू."

"मी गाईन का परत?"

"मी सांगते ते ऐकलंत तर गाऊ शकाल."

यांनी माझा हात धरला होता. ढोलकी वाजवून यांच्या तळव्यांना घट्टे पडलेत, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा इतके स्पष्ट लागले.

ऑपरेशनच्या दिवशी पेटी मास्तरही सोबत आले. त्यांचा हात आता बरा होता, फक्त पाऊस यायचा असला की दुखायचा. दवाखान्यानं कंपनीकडं मंजुरी मागितली. कंपनीकडून प्रश्न आला, त्रास कधीपासून? मी खरं ते लिहून दिलं, एप्रिलपासून. मग वाट बघणं. हे जिना चढत होते, उतरत होते. मास्तर बाकड्यावर बसून बोटांनी गुडघ्यावर पेटी वाजवत होते. मला उपाशी ठेवलं होतं, आणि मी आयुष्यात दुसऱ्या कशाचाही नाही इतका त्या वेळी कांदेपोह्यांचा विचार केला.

दुपार कलायच्या आत काउंटरवरच्या माणसानं हाक मारली, "मंजुरी आली." हे जिन्यात होते. तिथूनच ओरडले, "आली?" आणि सगळा दवाखाना वळून बघायला लागला. मास्तर उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर तो सळईवाला हात ठेवला.

खोली एकट्याची घेतली. डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं, शेजारी पेशंट असला की तुम्ही बोलणार, आणि बोलायचं तर नाही. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा पहिली आठवण ती झाली, बोलायचं नाही. आठवडाभर एक अक्षर नाही. कुजबुजसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी घरी. सासूबाईंना वाटलं, मला बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार. त्या माझ्या कानाशी येऊन ओरडायच्या, "सूनबाई, वरण खाशील काऽऽ?" आणि दोन्ही हातांनी वरण खायची खूण करायच्या. मी मान हलवायचे. मग त्या शेजारणीला सांगायच्या, "कळतंय तिला समदं." मला हसू यायचं, आणि हसायलाही मनाई होती, म्हणून तोंडात पदर कोंबून मी आतल्या खोलीत पळायचे.

यांनी ढोलकी उशाशी ठेवली. पाणी हवं तर एक थाप, चहा हवा तर दोन. थोड्याच वेळात मला समजलं की नवरा बायकोशी इतकं छान बोलतो, फक्त बायको गप्प असायला पाहिजे. दिवसभर हे मला काय काय सांगत बसले! लग्नाच्या आधी मला पहिल्यांदा कुठं ऐकलं, त्या दिवशी ढोलकीचा ठेका कसा चुकला, तो चुकल्याचं कुणाला कळू नये म्हणून काय केलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी दोन थापा दिल्या. हे चहा करायला उठले आणि डोळे पुसत गेले.

तपासणीचा अहवाल चांगला आला. साधी गाठ, बाकी काही नाही. बिल पाच लाखांच्या मानानं अगदीच थोडं झालं होतं. सासूबाईंना ते पटेना. "एवढा मोठा इमा काढला आन वापरला एवढुसा? बाकीचं कवा वापरायचं?"

"ते न वापरलेलंच बरं, माय," हे म्हणाले.

आठवड्यानं डॉक्टरबाईंकडं गेलो. "आता म्हणा, आऽ," त्या म्हणाल्या. मला तोंड उघडवेना. काय निघेल कुणास ठाऊक. मी यांच्याकडं पाहिलं, तर यांनी डोळेच मिटून घेतलेले. मी म्हटलं, "आऽ." बारीक, कोवळा, पण स्वच्छ. खरखर नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वा." आणि मग मला पुढचे दोन महिने कसे काढायचे ते सांगितलं. रोज थोडं बोलणं, मग थोडं गुणगुणणं, ओरडणं कधीच नाही.

पुन्हा गायले ती पोखर्णीजवळच्या एका खेड्यात. एका शिक्षिकेच्या नव्या घराचा कार्यक्रम होता. अंगणात सतरंज्या, दिव्यांच्या माळा, समोर बायका, कडेवर लेकरं. मास्तरांनी पेटी उघडली आणि हळूच विचारलं, "काळी दोन?"

"काळी एक," मी म्हटलं. एक पट्टी खाली उतरले होते. वर जायचा हट्ट सोडायचा, हे डॉक्टरबाईंना शब्द दिला होता.

पहिलं गाणं जपून गायले. पाण्यात पाय घालून खोली बघावी तसं. दुसऱ्या गाण्यात आवाज उघडला. खालच्या पट्टीत एक भरदारपणा होता, तो मला माझा म्हणून माहीतच नव्हता. ढोलकीवर यांचा हात मोकळा सुटला. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं पुढं सरकून मांडी घातली आणि बाजूच्या बाईला म्हणाली, "हिचा आवाज आता बाईमाणसासारखा लागायलाय गं. आधी पोरीसारखा होता."

मला ते ऐकू आलं. हसू आवरून मी अंतरा धरला. गाणं संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या आणि टाळ्यांतून ती म्हातारी ओरडली, "तेच म्हण माय, आणखी एकदा."

मी मास्तरांकडं पाहिलं. त्यांनी भाता ओढलाच होता. मी तेच गाणं पुन्हा गायले, पहिल्या ओळीपासून.